कळंबचा चिंतामणि, मेषवृषण इंद्र आणि वृषणशोथाचीं प्राचीन साधनें

१. विषयप्रवेश

यवतमाळाहून नागपुराकडे जाणाऱ्या सडकेवर, चक्रावती नदीच्या कांठीं कळंब हें गांव आहे. आज तें एका तालुक्याचें ठिकाण म्हणून ओळखलें जातें; परंतु त्याचें पूर्ववैभव याहून पुष्कळच मोठें होतें. अबुल फजलानें ऐने-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचीं जीं सरकारें नोंदलीं आहेत, त्यांत कळंब हें एक असून, तें जुनें व महत्त्वाचें शहर आहे आणि तेथील म्हशी नांवाजलेल्या आहेत, असें त्यानें लिहिलें आहे. इ. स. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला, त्यांत हा प्रांतहि गेला. पुढें १८५३ त वऱ्हाड इंग्रजांकडे आलें, आणि वणी या नांवानें ओळखला जाणारा जिल्हा १९०५ पासून यवतमाळ या नांवानें चालूं लागला.

भाविकांस मात्र कळंब ठाऊक आहे तें श्रीचिंतामणीच्या देवालयामुळें. हें देवालय जमिनीच्या पातळीखालीं असून पायऱ्या उतरून गाभाऱ्याकडे जावें लागतें. आंत एक कुंड आहे. त्यांतील पाणी सुमारें बारा वर्षांनीं चढत जाऊन देवाच्या चरणांस स्पर्श करतें व मग ओसरतें, अशी स्थानिक श्रद्धा आहे. गणेशपुराणांतील कदंबक्षेत्र तें हेंच, असें परंपरा मानते.

या क्षेत्राची कथा आणि भारतीय वैद्यकांतील एक दुर्लक्षित प्रकरण यांचा परस्परसंबंध दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तें प्रकरण म्हणजे वृषणांचा शोथ व त्यामुळें होणारा बीजनाश. विषय संकोचाचा आहे खरा. परंतु वैद्यक, धर्मशास्त्र आणि दत्तकपत्रें या तिहींत तो अशा रीतीनें गुंतलेला आहे कीं, त्यास वगळून कौटुंबिक इतिहासाचीं जुनीं साधनें नीट वाचतांच येत नाहींत.

२. कदंबक्षेत्राची कथा व तिचीं रूपांतरें

गणेशपुराणाच्या उपासनाखंडांत विदर्भांतील तीन कथा एकींत एक गुंफल्या आहेत. पहिली कौंडिण्यनगरच्या भीमराजाची. त्यास व त्याची राणी चारुहासिनी हीस संतति नव्हती. राज्य सोडून तीं वनांत गेलीं व विश्वामित्राच्या उपदेशानें गणेशाची आराधना करून त्यांनीं पुत्र मिळविला. तो पुत्र रुक्मांगद. दुसरी कथा या रुक्मांगदाची. मृगयेस गेला असतां ऋषिपत्नी मुकुंदा हिच्या अभिलाषेस तो वश झाला नाहीं, म्हणून तिनें त्यास कुष्ठी होण्याचा शाप दिला. नारदाच्या सांगण्यावरून कदंबक्षेत्रींच्या गणेशकुंडांत स्नान करून तो व्याधिमुक्त झाला. तिसरी कथा खुद्द इंद्राची, व तीच क्षेत्रोत्पत्तीची. अहल्येच्या ठायीं केलेल्या अपराधामुळें गौतमानें इंद्रास शाप दिला. त्याच्या अंगावर सहस्र भगचिन्हें उमटलीं. तो लज्जेनें लपून राहिला. पुढें देवांच्या विनवणीवरून गौतमानेंच सांगितलेल्या षडक्षर मंत्रानें त्यानें कदंबवृक्षाखालीं गणेशाची उपासना केली, चिन्हांचे नेत्र झाले, आणि तेथें त्यानें चिंतामणीची स्थापना केली.

अनपत्यता, कुष्ठ आणि जननेंद्रियासंबंधीं शाप, या तीन आपत्ति एकाच क्षेत्राच्या माहात्म्यांत एकत्र याव्या, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तिचा विचार पुढें येईल.

इंद्राच्या शापाचें हें रूप मात्र मूळचें नव्हे. वाल्मीकि रामायणाच्या बालकांडांत, प्रचलित पाठाच्या ४८ व ४९ या सर्गांत, गौतमाचा शाप निराळा आहे. इंद्र ‘विफल’ होईल असें ऋषि म्हणतो, आणि तत्क्षणीं त्याचे वृषण गळून पडतात. मग अग्निप्रमुख देव पितरांकडे जातात. पितर मेंढ्याचे वृषण काढून इंद्रास लावतात. आणि तेव्हांपासून पितरांस खच्ची मेंढा अर्पण करण्याचा प्रघात पडला, असें कथाकार सांगतो. म्हणून इंद्र ‘मेषवृषण’.

याहून मागें गेल्यास ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांत (६.४६.३) इंद्रास ‘सहस्रमुष्क’ असें विशेषण आढळतें. तेथें तें सामर्थ्याचें द्योतक आहे. सहस्र मुष्क, सहस्र भग आणि सहस्र नेत्र ही परंपरा पाहतां, वैदिक काळीं ज्या अवयवावरून देवाचा पुरुषार्थ वर्णिला, त्याच अवयवाचा नाश इतिहासकाव्यांत शिक्षा म्हणून आला, आणि पुराणांत सभ्यतेस्तव त्याचें रूप पालटलें, असें अनुमान करण्यास जागा आहे. गणेशपुराणाचा काळ संशोधक सामान्यतः इ. स. ११०० ते १४०० च्या दरम्यान धरतात. रामायणाची कथा त्याहून कित्येक शतकें जुनी आहे. सबब कळंबच्या कथेच्या तळाशीं वृषणहानीचीच कथा आहे, असें म्हणण्यास हरकत दिसत नाहीं.

येथें आणखी दोन वैदिक स्थळें नमूद करणें अवश्य आहे. अश्विनांनीं ‘वध्रिमती’ नामक स्त्रीस हिरण्यहस्त नांवाचा पुत्र दिला, असें ऋग्वेदांत (१.११६.१३ व १.११७.२४) म्हटलें आहे. वध्रि म्हणजे खच्ची केलेला. अर्थात् जिचा पति वध्रि ती वध्रिमती. अपत्य न होण्याचें कारण पतीच्या ठिकाणीं असूं शकतें, ही जाणीव या एका नांवांतच साठविलेली आहे. दुसरें स्थळ अथर्ववेदाचें (६.१३८). शत्रूस क्लीब करण्याच्या त्या अभिचारसूक्तांत, इंद्रानें दोन दगडांनीं त्याचे दोन्ही अंड फोडावे, अशी प्रार्थना आहे. बैल खच्ची करण्याची जी रीत आपल्या खेड्यांत पिढ्यानुपिढ्या चालत आली, तिच्यांतूनच हें ज्ञान आलें असावें. वृषण ठेचले असतां प्रजोत्पत्ति थांबते, हें शेतकऱ्यास वैद्याच्या आधींपासून ठाऊक होतें.

३. वैद्यकग्रंथांतील तीन धागे

आतां वैद्यकाकडे वळूं. वृषणशोथ व बीजनाश यांविषयीं संहितांत जें ज्ञान आहे, तें एका ठिकाणीं नसून तीन ठिकाणीं विखुरलें आहे.

पहिला धागा ‘वृद्धि’ या रोगाचा. सुश्रुताच्या निदानस्थानाचा बारावा अध्याय वृद्धि, उपदंश आणि श्लीपद या तिहींना वाहिलेला आहे; आणि चिकित्सास्थानाचा एकोणिसावा अध्याय त्याच तिहींच्या उपचारांचा आहे. वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत: वातज, पित्तज, कफज, रक्तज, मेदोज, मूत्रज आणि अंत्रज. पैकीं मूत्रज वृद्धि चालतांना पाण्यानें भरलेल्या पखालीसारखी हालते. हें आपल्याकडे ज्यास कुरंड म्हणतात त्याचें, म्हणजे अंडकोशांत पाणी सांचण्याचें, उघड वर्णन आहे. अंत्रज म्हणजे अंतर्गळ. परंतु पित्तज वृद्धीचें वर्णन या दोहोंहून अगदीं भिन्न आहे. ती पिकलेल्या उंबराच्या फळासारखी दिसते, तींत ज्वर, दाह व उष्णता असते, ती झपाट्यानें उठते आणि झपाट्यानें पिकते. रक्तज वृद्धींत काळे फोड व पित्तजाचींच लक्षणें सांगितलीं आहेत. आजच्या भाषेंत ज्यास तीव्र वृषणशोथ म्हणतात, तो हाच.

मराठी पोथ्यांचे उतारे काढतांना व सूची करतांना ‘अंडवृद्धि’ या शब्दाचा अर्थ सरसकट ‘अंडकोशांतील पाणी’ असा लावण्याची जी रूढि पडली आहे, ती या कारणास्तव सोडली पाहिजे. सातांपैकीं एकाच प्रकारास तो अर्थ लागू पडतो. त्या रूढीमुळें शोथाचें प्रकरण सूचींतून नाहींसेंच होतें. वाग्भटानेंहि अष्टांगहृदयाच्या निदानस्थानांत वृद्धीस विद्रधि व गुल्म यांच्या पंक्तीस बसविलें आहे. विद्रधि म्हणजे पिकणारें गळूं. तेव्हां वृद्धीच्या पोटांत पाक व शोथ येतो, याविषयीं त्यास संदेह नव्हता.

दुसरा धागा शारीराचा. सुश्रुताच्या शारीरस्थानाच्या नवव्या अध्यायांत शुक्रवह स्रोतसें दोन सांगून त्यांचें मूळ स्तन व वृषण असें म्हटलें आहे. आणि त्यांस वेध झाला असतां क्लैब्य येतें, शुक्राचें स्खलन उशिरां होतें व शुक्र रक्तमिश्रित होतें, असें सांगितलें आहे. चरक विमानस्थानांत शुक्रवह स्रोतसांचें मूळ वृषण व शेफ असें देतो. शार्ङ्गधरानें तर वृषण हे वीर्यवाही शिरांचे आधार व पौरुष देणारे आहेत असें स्पष्ट म्हटलें आहे. मूतखड्याच्या शस्त्रक्रियेंत कोणते भाग जपावे हें सांगतांना सुश्रुतानें शुक्रवह व मुष्कस्रोत यांचा निर्देश केला असून, शुक्रवह तुटल्यास मरण अथवा क्लैब्य येतें असा इशारा दिला आहे. शस्त्रधारी वैद्याच्या अनुभवाची ही साक्ष आहे.

तिसरा धागा क्लैब्याचा. चरकाच्या चिकित्सास्थानांतील तिसाव्या अध्यायांत क्लैब्याचे चार प्रकार येतात: बीजोपघात, ध्वजभंग, जरा आणि शुक्रक्षय. ध्वजभंगाच्या लक्षणांत सूज, लाली व व्रण यांचें दीर्घ वर्णन असून, तें बाधित स्त्रीच्या संसर्गानंतर उद्भवणाऱ्या रोगाशीं फार जुळतें. चरकाच्या शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत तर याहूनहि नेमकें स्थळ आहे. वायु व अग्नि यांच्या दोषानें ज्याचे वृषण नाश पावले, त्यास तेथें ‘वातिकषंडक’ अशी संज्ञा दिली आहे. तें प्रकरण गर्भावस्थेंतील विकृतींचें असल्यामुळें, प्रौढ पुरुषास झालेल्या शोथाचें तें वर्णन आहे असें म्हणतां येणार नाहीं. तथापि वृषण दाहानें ‘नाश पावतात’, आणि त्यामुळें मनुष्य षंड होतो, ही कार्यकारणाची कल्पना ग्रंथकारापुढें होती, एवढें त्यावरून निश्चित ठरतें.

असे हे तीन धागे आहेत. परंतु वृद्धीच्या निदानांत अनपत्यतेचा उल्लेख नाहीं, आणि क्लैब्याच्या अध्यायांत पित्तज वृद्धीचें नांव नाहीं. सूज बरी झाली म्हणजे वैद्याचें काम संपलें. पुढें पांच-सात वर्षांनीं तो मनुष्य अपत्यासाठीं आला, तर तो निराळ्या अध्यायाचा रोगी ठरला.

४. गालगुंडाचा प्रश्न

या तुटलेपणाचें उत्तम उदाहरण गालगुंडाचें आहे. सुश्रुतानें निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायांत, म्हणजे वृद्धीच्या लगेच पुढील अध्यायांत, क्षुद्ररोगांमध्यें ‘पाषाणगर्दभ’ सांगितला आहे. हनुसंधीवर येणारी, कठिण, मंद वेदनेची ही सूज गालगुंडाचीच होय, असें बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र ती ओसरल्यावर वृषणांस सूज येते, याचा तेथें निर्देश नाहीं.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नांवावर असलेल्या ‘साथी’ या ग्रंथाच्या पहिल्या भागांत मात्र तो आहे. थासोस बेटावर तरुणांत कानांजवळ सूज येण्याची सांथ आली. व्यायामशाळेंत वावरणाऱ्यांस ती विशेष झाली. आणि कित्येकांस मागाहून एका अथवा दोन्ही वृषणांचा वेदनायुक्त शोथ झाला, असें तेथें नोंदलें आहे. हें वर्णन इ. स. पूर्व पांचव्या शतकाच्या अखेरीचें धरतात. यूरोपांतहि या निरीक्षणाचा सविस्तर पाठपुरावा होण्यास फार काळ लागला. रॉबर्ट हॅमिल्टन याचा निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीनें १७९० त छापला. हा रोग विषाणुजन्य आहे हें जॉन्सन व गुडपास्चर यांनीं १९३४ त दाखविलें, आणि त्यावरील टिकाऊ लस १९६७ त अमेरिकेंत प्रचारांत आली.

कोणी येथें असा आक्षेप घेईल कीं, सुश्रुतानें अंत्रवृद्धीवर कानाजवळील, तीहि विरुद्ध बाजूची, शिर वेधण्यास सांगितलें आहे. तेव्हां कान व वृषण यांचा संबंध त्यास ज्ञात होता. हा तर्क आकर्षक असला तरी टिकणारा नाहीं. तो उपचार अंतर्गळाचा आहे, शोथाचा नव्हे. आणि पाषाणगर्दभाच्या वर्णनांत त्याचा मागमूस नाहीं. प्राचीनांस सर्व कांहीं ठाऊक होतें असें सिद्ध करण्याच्या भरांत दोन निराळ्या गोष्टींची सांगड घालणें हें संशोधनास घातक आहे. प्राचीनांनीं पित्तज वृद्धीचें जें निर्दोष वर्णन केलें, तेवढ्यावर त्यांचा गौरव पुरेसा होतो.

५. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशांत

जुन्या वर्णनांचा नीट अर्थ लावण्यास आजचें ज्ञान थोडक्यांत सांगणें इष्ट आहे. रेग्नियर डी ग्राफ यानें १६६८ त वृषणाची सूक्ष्म नलिकामय रचना वर्णिली. लेव्हेनहुक यानें १६७७ त सूक्ष्मदर्शकाखालीं शुक्रजंतु पाहिले. लायडिग यानें १८५० त नलिकांमधील पेशी, आणि सर्टोली यानें १८६५ त नलिकांच्या आंतील पोषक पेशी दाखविल्या. या शोधांवरून वृषणाचीं कार्यें दोन ठरलीं. नलिकांत शुक्रजंतु तयार होतात, त्यास सुमारें ७४ दिवस लागतात. आणि लायडिगच्या पेशींत पौरुष देणारा अंतःस्राव तयार होतो.

वृषणावरील पांढरें आवरण चिवट असून तें ताणलें जात नाहीं. सूज आली म्हणजे आंतल्या आंत दाब वाढतो व नाजूक नलिका मरतात. शिवाय शुक्रजंतु तयार होण्यास शरीराच्या उष्णतेहून दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. ज्वरानें व शोथानें तीहि मर्यादा मोडते. लायडिगच्या पेशी मात्र पुष्कळ अंशीं टिकून राहतात. परिणामीं दाढी-मिशा, आवाज व कामेच्छा पूर्ववत् राहूनहि बीज नाहींसें झालेलें असूं शकतें. दुसरी गति अशी कीं, शोथ वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणांत होतो. तेथील नलिका व्रण भरतांना बुजतात. वृषण निरोगी असूनहि शुक्रजंतूंस वाट मिळत नाहीं.

गालगुंडानें प्रौढ पुरुषांपैकीं शेंकडा सुमारें १५ ते ३० जणांस वृषणशोथ होतो. तो बहुधा एका बाजूस असतो. शोथ झालेल्या वृषणांपैकीं सुमारें निम्मे पुढें कमीअधिक आकसतात. परंतु दोन्ही बाजू नष्ट होऊन पूर्ण वंध्यत्व येणें विरळा. एक वृषण निरोगी असला तर बहुधा अपत्य होतें. परमा, ज्याचा जंतु नायसर यानें १८७९ त शोधला, मूत्रमार्गाचे इतर संसर्ग, आणि क्षय हीं अधिवृषणशोथाचीं मोठीं कारणें आहेत. वृषणास पीळ पडून अकस्मात् होणारी तीव्र वेदना हा मात्र शोथ नव्हे. तेथें सुमारें सहा तासांच्या आंत शस्त्रक्रिया न झाल्यास वृषण हातचा जातो.

विदर्भाच्या दृष्टीनें दोन रोगांचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. एक हत्तीरोग. याच्या कृमींचीं पिल्लें डमार्के यानें १८६३ त पॅरिस येथें अंडकोशांतील पाण्यांत प्रथम पाहिलीं. टिमथी लुइस यानें १८७२ त कलकत्त्यास तीं रक्तांत पाहिलीं. आणि डांसाचा संबंध मॅन्सन यानें १८७७ त दाखविला. प्रौढ कृमि वृषणाच्या दोरींतील रसवाहिन्यांत राहतात, आणि वारंवार ज्वर, दोरीचा व अधिवृषणाचा शोथ, व अखेर पाणी सांचणें, अशी परंपरा चालते. सुश्रुतानें वृद्धि व श्लीपद एकाच अध्यायांत घातले, त्यांत ही अनुभवाची संगति असावी. वर्धा, चंद्रपूर, नागपूर या प्रदेशांत हा रोग दीर्घकाळ ठाण मांडून होता, आणि सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेनें त्यावर महत्त्वाचें संशोधन केलें.

दुसरा रोग कुष्ठ. त्याच्या तीव्र प्रकारांत जंतु थंड अवयवांत विशेष वाढतात. वृषण हा तसाच अवयव असल्यामुळें त्याचा हळूहळू नाश होतो, आणि येथें पुढें पुढें अंतःस्रावहि घटतो. दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ त, व वरोऱ्यास बाबा आमटे यांनीं १९४९ त ज्या संस्था उभारल्या, त्यांवरून या प्रदेशांतील कुष्ठाची व्याप्ति कळून येते. कळंबच्या माहात्म्यांत अनपत्य भीमराजा, कुष्ठी रुक्मांगद आणि वृषणभ्रष्ट इंद्र हे एकाच कुंडाशीं कां आले, याचें पूर्ण उत्तर वैद्यकांत नाहीं. पुराणकाराचा हेतु उपासनेचा महिमा सांगण्याचा होता. तथापि ज्या प्रदेशांत या आपत्ति माणसांस एकत्र गांठीत, तेथील क्षेत्रानें त्यांस एकत्र आश्रय द्यावा, हें स्वाभाविक आहे.

६. धर्मशास्त्र व दत्तक

प्रश्न केवळ वैद्याचा नव्हता. तो वतनाचा व वांटणीचाहि होता. मनूनें (९.२०१) क्लीबास वांट्यांतून वगळलें आहे, याज्ञवल्क्यानेंहि तेंच म्हटलें आहे. मात्र मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें दोन महत्त्वाच्या मर्यादा घातल्या आहेत: दोष वांटणीपूर्वीं असला पाहिजे, आणि वांटणीनंतर तो औषधादिकांनीं दूर झाला, तर वांटा मिळाला पाहिजे. क्लैब्य बरें होऊं शकतें हें धर्मशास्त्रानें मान्य केलें होतें, असा याचा अर्थ. हीं बंधनें बव्हंशीं १९२८ च्या कायद्यानें उठलीं, आणि १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें रोग व व्यंग हीं वारसास बाधक राहिलीं नाहींत.

सर्वांत सूक्ष्म विचार नारदाचा आहे. त्यानें षंढांचे चौदा प्रकार सांगितले. त्यांत रोगानें झालेला एक, व ‘मोघबीज’ म्हणजे ज्याचें बीज निष्फळ असा एक. पुरुषाची परीक्षा करावी, आणि शाप, रोग वा देवकोप यांमुळें झालेला दोष असेल तर स्त्रीनें एक वर्ष वाट पाहावी, असें त्याचें मत आहे. ‘मोघबीज’ ही संज्ञा अत्यंत मोलाची आहे. पुरुषार्थ असूनहि बीज नसणें, ही जी गोष्ट लायडिग व सर्टोली यांच्या शोधांनंतर स्पष्ट झाली, तिला नारदानें स्वतंत्र नांव दिलें होतें. चरकानेंहि बीजोपघात व ध्वजभंग यांत भेद केला आहेच.

परंतु व्यवहारांत हा भेद टिकला नाहीं. ज्याचें पौरुष दिसतें त्याचें बीज असलेंच पाहिजे, असें लोकांनीं धरून चाललें. आणि मूल झालें नाहीं कीं दोष स्त्रीच्या माथीं आला. मनूनें (९.८१) वंध्या स्त्रीवर आठव्या वर्षीं सवत आणण्यास मुभा दिली, पतीच्या परीक्षेचें नारदवचन मात्र पोथींतच राहिलें. दत्तकाच्या कागदांत ‘पोटीं पुत्रसंतान नाहीं’ एवढेंच मोघम लिहिलें जातें. दोष कोणाचा, रोग कोणता, याचा उच्चार होत नाहीं. त्या चार शब्दांच्या मागें दुसरें, तिसरें लग्न, आणि एखाद्या निरपराध बाईचा जन्मभराचा अपमान दडलेला असतो. पहिलीस मूल नाहीं, दुसरीस नाहीं, तिसरीसहि नाहीं, अशी वंशावळ हातीं आली, तर अभ्यासकानें तीन ‘वंध्या’ मोजण्यापूर्वीं त्या एका पुरुषाच्या तरुणपणींच्या ज्वराचा, गालगुंडाचा वा परम्याचा विचार करावा. तेवढ्यानें रोगाचा निर्णय होणार नाहीं, हें खरें. पण दोष एकाच बाजूस टाकण्याची चूक तरी टळेल.

७. पोथ्यांचे संग्राहक व हा विषय

या विषयाचीं ग्रांथिक साधनें आपल्या जवळचींच आहेत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. ती पराडकरशास्त्र्यांनीं संपादिलेल्या १९३९ च्या निर्णयसागर आवृत्तींत आहे. त्याचा आश्रित बोपदेव हा वरदेच्या, म्हणजे वर्धा नदीच्या तीरीचा मानला जातो. त्याचा पिता केशव हा वैद्य असून ‘सिद्धमंत्र’ हा ग्रंथ त्याचा आहे, व त्यावर बोपदेवानें ‘प्रकाश’ टीका केली. म्हणजे वर्धेच्या खोऱ्यांत तेराव्या शतकांत शास्त्रशुद्ध वैद्यकाची परंपरा होती, आणि कळंब त्याच नदीच्या प्रदेशांतलें.

परंतु छापलेल्या संहितांत न मिळणारी माहिती घरगुती वैद्यकाच्या बाडांत मिळण्याचा संभव आहे. मोडींत लिहिलेले हे कागद, एका पानावर काढा, दुसऱ्यावर मंत्र, तिसऱ्यावर देणें-घेणें, असे मिश्र असतात; म्हणून ते किरकोळ समजून बाजूस टाकले जातात. दप्तरें निवडतांना अशीं पानें वेगळीं न करतां मूळ क्रमांतच ठेवावीं. कारण औषध कोणत्या घरीं, कोणत्या सालीं लागलें, हें शेजारच्या हिशेबावरूनच कळतें. अंडाची सूज या सदराखालीं एरंडेल दुधांतून, जळवा लावणें, लंगोटानें वर बांधून ठेवणें, असे उपाय आढळल्यास ते सुश्रुताच्या चिकित्सेशीं ताडून पाहावे. सुश्रुतानें वातज वृद्धींत एरंडाचें तेल दुधाबरोबर महिनाभर देण्यास, रक्तज वृद्धींत जळवांनीं रक्त काढण्यास, आणि पाणी काढल्यावर ‘स्थगिका’ नांवाचा बंध बांधण्यास सांगितलें आहे. अंडास आधार देऊन विश्रांति घ्यावी, हा उपचार आजचा वैद्यहि सांगतो. फरक इतकाच कीं, जंतूंवर चालणारीं औषधें त्याच्या हातीं आहेत, आणि तीं वेळेवर दिल्यास बीज वांचूं शकतें.

सारांश, सूज, वृषण आणि संतान या तीन गोष्टी आपल्या पूर्वजांनीं निरनिराळ्या अध्यायांत उत्तम रीतीनें लिहून ठेवल्या. परंतु अध्यायांमधील वाट बांधली गेली नाहीं. ती न बांधल्याचें मोल ज्यांनीं दिलें, त्यांचीं नांवें पोथ्यांत नाहींत. तीं वंशावळींतल्या ‘निपुत्रिक’ या शेऱ्याच्या शेजारीं, बहुधा नांवाशिवाय, केवळ ‘प्रथम भार्या’, ‘द्वितीय भार्या’ म्हणून आहेत. संग्राहकांनीं आपल्या जवळचीं वैद्यकाचीं बाडें, दत्तकपत्रें व वंशावळी एकत्र ठेवून वाचाव्या, म्हणजे या मौनाचा कांहीं तरी उलगडा होईल.